पंधरावा शब्द

परळच्या दवाखान्यात, चौथ्या मजल्यावर,
डॉक्टर परेरांनी माझंच पेन मागून घेतलं
आणि पावतीच्या मागे तीन अक्षरं लिहिली: टी, जी, जी.
मग मधलं जी खोडून ए केलं.
"एवढंच," म्हणाल्या.
मी खोडलेल्या अक्षराकडे बघत राहिलो.
खूण बरोबर नव्हती,
समासात नोंद नव्हती.

बावीस वर्षं मी प्रुफं तपासतोय,
ठाकूरद्वारच्या एका गल्लीत, पोटमाळ्यावर;
आधी खिळे होते, मग पडदा आला.
पंचांगं, गाईडं, पतपेढ्यांचे अहवाल, लग्नपत्रिका.
'चिरंजीव'ची वेलांटी इतक्यांदा दुरुस्त केलीय
की निम्म्या गिरगावाच्या संसाराला माझा हात लागलाय.

त्या सांगत होत्या पेशीचं,
मी ऐकत होतो छापखान्याचं.
मूळ प्रत आतल्या खोलीत, तिला बाहेर काढायचं नाही.
हवं तेवढं उतरवून घ्यायचं,
मधला फालतू मजकूर कापायचा, टोकं जोडायची
आणि ती पट्टी बाहेर, जुळाऱ्याकडे.
जुळारी तीन-तीन अक्षरं वाचतो.
भोवती पोरांची ये-जा, एकेकाच्या हातात एकच खिळा;
ज्याची खूण जुळेल त्यानं तो ठेवायचा
आणि रिकाम्या हातानं परत फिरायचं.
खिळ्याला खिळा, सेकंदाला चार-पाच.
(आमचा गणू तांडेल तासाला एक पान जुळवायचा
आणि त्यावर मिशीला पीळ भरायचा.)
एकशे सेहेचाळीस झाले की पूर्णविराम.
मग ती ओळ ओळ राहत नाही.
कुणी न सांगता मुडपते, गुंडाळते,
लोखंडापुरती एक खोबण होते तिच्यात,
आणि शिवडीची ही करपट हवासुद्धा
ती उचलते, नेते बोटांच्या टोकापर्यंत.

कृत्तिकाच्या ओळीत चौदा शब्द शुद्ध आहेत.
पंधराव्या जागी ट्रिप्टोफॅन हवं.
तिथे पूर्णविराम आहे.

"आत कुणी तपासत नाही का?"
माझा आवाज चढला असावा,
कारण मंजिरीनं माझ्या बाहीला धरलं.
"तपासतात की," डॉक्टर म्हणाल्या.
"अर्धवट ओळ सापडली की अख्खी पट्टी फाडून टाकतात.
मूळ प्रतीला हात लावायचा अधिकार
त्यांना नाही."

म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी आहे तिथे.
शंका आली तरी समासात
'मुळाबरहुकूम' लिहून पुढे जाणारा.

दोन प्रती माझ्याकडे: एक शुद्ध, एक ही अशी.
मंजिरीकडेही तशाच दोन.
आम्हा दोघांना कधी काही झालं नाही,
जिना चढताना थोडी धाप, बस्स.
आमची लग्नपत्रिका मीच तपासली होती,
दोनदा.
तीत एकही चूक नव्हती.

आता दर तीन आठवड्यांनी खिडकीजवळची ही खाट.
पिशवीवर नुसता नंबर, नाव नाही.
कुठल्याशा अनोळखी माणसाची पुरी वाक्यं
थेंब थेंब उतरतात माझ्या लेकीत.
कधीतरी मी त्या नंबराला हळूच नमस्कार करतो,
सिस्टर वळली की.

कृत्तिका डाव्या हातानं निबंध लिहितेय,
उजव्यात सुई आहे म्हणून.
अक्षरं गलबतासारखी कलंडलेली:
'काल आम्ही राणीच्या बागेत गेलो आणि पाणघोडा आळस देत होता
आणि त्याचे दात पिवळे होते'
मोजायचं नाही असं ठरवलं होतं.
पंधरा झाले.
व्याकरणानं इथे थांबायला हरकत नाही,
बाईंनी शंभरदा सांगितलंय वाक्य छोटं ठेव म्हणून.
ती पेन्सिलीचं टोक चावते, पिशवीकडे बघते,
आणि लिहिते 'आणि'.

लाल पेन माझ्या खिशात आहे.
राहू दे.